आधी बिघाड, मग बाकीचं

आमच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी झाली, तेव्हा बाटल्या भरायच्या लाइनवर मी सगळ्यात जुनी बाई होते. कारखाना कुंभिवलीजवळ, हायवेला लागून. सॉस आणि व्हिनेगर बाटल्यांत भरून बाहेर पाठवायचं, एवढंच काम. आधी बाटली धुवायची, मग भरायची, मग झाकण, मग लेबल, मग खोका. इन्चार्ज नेहमी बाहेरून यायचे आणि त्यांना लाइन दाखवायचं काम माझ्याकडं यायचं. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. कंटाळा मात्र आला होता. तेव्हा मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि जागा मागितली.

"काम तुम्हाला येतं ताई, त्यात वाद नाही," साहेब म्हणाले. "पण सकाळचा कॉल कोण करणार?"

सकाळचा कॉल म्हणजे रोज आठ वाजताचा फोन. एका टोकाला मुंबईचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला बेंगळुरूचं गोदाम आणि मधे आम्ही. किती माल झाला, काय अडलं, कुठली गाडी कधी निघणार, हे इन्चार्जनं सांगायचं. इंग्रजीत. गोदामातल्या माणसाला मराठी येत नाही, आणि त्याचं हिंदी ऐकण्यापेक्षा इंग्रजी परवडतं.

"मी करीन," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"दिवाळीपर्यंत थांबा."

साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर मी बाहेरून माणूस घेणार आहे. तोवर जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर त्या माणसाला लाइन दाखवायची, तोंड वाकडं न करता."

व्यवहार चोख होता. मी हो म्हटलं.

माझं इंग्रजी म्हणजे दहावीपुरतं. खोक्यावरचा मजकूर वाचता यायचा, साहेब फोनवर काय बोलतात तेही बरंचसं कळायचं. पण तोंड उघडलं की शब्द हवे तसे रांगेत लागायचे नाहीत. आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यावर आहे. कामाला जायचं तर शिळफाट्याला येऊन कंपनीची बस धरायची, आणि शिकायचं तर उलट दिशेनं कर्जतला. तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत हायस्कूलच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांच्या घरात सगळे शिक्षक नाहीतर वकील. रविवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"परीक्षा कुठली?" बाईंनी विचारलं.

"परीक्षा नाही. फोन आहे."

"फोनवर काय सांगायचंय?"

"मशीन बंद पडलं. झाकणं संपली. गाडी गेली. गाडी नाही गेली."

"मग पुस्तक नको," बाई म्हणाल्या आणि आतून रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा आणि कात्री घेऊन आल्या.

ओट्यावर कपडे वाळत घालायची दोरी होती. बाईंनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर शब्द लिहिले आणि चिमट्यांनी दोरीवर लटकवले. पहिल्या चिमट्याला कोणी केलं. दुसऱ्याला काय केलं. त्यानंतर कशाला, कुठं आणि कधी.

"आपण मराठीत काय केलं ते शेवटी सांगतो," बाई म्हणाल्या. "मी काल दुपारी कारखान्यात मशीन... आणि ऐकणारा आपला वाट बघत बसतो, हिनं चालू केलं का मोडलं. इंग्रजाला तेवढा धीर नाही. त्याला दुसऱ्याच चिमट्याला कळलं पाहिजे."

मला हे लगेच पटलं, कारण लाइनवर तेच असतं. झाकण लावल्यावर बाटली भरता येत नाही. मग बाई दोरीवरचे पुठ्ठे मुद्दाम उलटेसुलटे लावायच्या आणि मी ते ओळीनं लावून मोठ्यानं म्हणायचं. शेजारच्या घरातले आजोबा व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे. माझं चुकलं की ते पेपर खाली घेऊन माझ्याकडं बघायचे. चुकलंय हे मला बाईंच्या आधी त्यांच्याकडून कळायचं.

दोरीचं काम पंधरवड्यात अंगवळणी पडलं. खरा त्रास दिला त्या जोडीच्या क्रियापदांनी. टर्न म्हणजे वळणं, एवढं मला माहीत होतं. पण टर्न ऑन म्हणजे चालू करणं, टर्न ऑफ म्हणजे बंद करणं आणि टर्न डाउन म्हणजे कधी आवाज कमी करणं, तर कधी नाही म्हणून सांगणं. ब्रेक म्हणजे मोडणं, पण मशीन ब्रेक डाउन झालं म्हणजे ते मोडलेलं नसतं, नुसतं बंद पडलेलं असतं.

"ही क्रियापदं एकटी घराबाहेर पडत नाहीत," बाई म्हणाल्या. "सोबत लागते. आणि सोबतीण बदलली की कामही बदलतं. तेव्हा दोघींना एकत्रच लक्षात ठेवायचं, सुटं नाही."

पाठ करायला त्यांनी मनाई केली होती. हातानं करायचं आणि तोंडानं म्हणायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. पातेलं काठोकाठ भरलं आणि ओतून टाकलं. शेगडी पेटवायची, विझवायची, परत पेटवायची. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे आता, गॅस माझा आहे."

मग हीच तालीम मी लाइनवर सुरू केली. हातमोजे घालताना एक वाक्य, काढताना दुसरं. लेबलच्या मशीनवर आमच्याच गावातली एक बाई काम करते. नात्यानं कोणी नाही, पण माझ्या नवऱ्याला भाऊ मानते म्हणून मला वयनी म्हणते. तिनं दोन दिवस न विचारता काढले, तेच पुष्कळ.

"काय गं वयनी, काय पुटपुटतेस? येड लागलंय काय?"

"इंग्रजी बोलतेय."

"कोनाशी? बाटलीशी?"

"तुझ्याशी बोलू का?"

"बोल की. बाटलीपेक्षा मी बरी."

तेव्हापासून लाइनवर माझी हुकूमत चालू झाली. मी इंग्रजीत सांगायचं आणि बायकांनी ते करायचं. कोणी चुकलं तर चूक माझी, कारण मी नीट सांगितलेलं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं. महिन्याभरात त्या मला उलटे हुकूम सोडायला लागल्या. "टर्न इट ऑफ गं," "फिल अप कर रं लवकर," असं आमच्या लाइनवर चालायचं. व्हिनेगरच्या टाकीवरचा माणूस म्हणाला, "तुमी बायका आता आमाला पन इंग्लिशमधी शिव्या देनार काय?" लेबलवाली म्हणाली, "तुला मराठीतल्या पुरतात."

दसरा झाल्यावर साहेबांनी मला पहिल्यांदा कॉल करायला दिला. ते शेजारी खुर्ची घेऊन बसले. माझी वाक्यं तयार होती. दोरीवरचे सगळे चिमटे जागच्या जागी होते.

मी नमस्कार केला. मुंबईकरांची चौकशी केली, बेंगळुरूकरांची केली. आमच्याकडं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. सगळ्या बायका वेळेवर आल्या, हवा चांगली आहे, काल व्हिनेगर भरपूर भरलं. हे सगळं घाई न करता, एकेक वाक्य शब्द न् शब्द बरोबर. आणि मग म्हटलं, पण बाटल्या भरायचं मशीन पहाटे बंद पडलंय, त्यामुळं आजची गाडी जाणार नाही.

फोनवर गडबड उडाली. मी सगळं ठीक आहे म्हणाले होते, तेवढ्यावर मुंबईच्या माणसानं दुसऱ्या फोनवर गिऱ्हाइकाला गाडी निघतेय म्हणून सांगून टाकलं होतं. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पुढची पाच मिनिटं माफी मागत बसले.

फोन ठेवल्यावर ते रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "ताई, इंग्रजी चांगलं झालंय. पण हे असं कोण सांगतं?"

कोण सांगतं? आमच्याकडं सगळे सांगतात. आमच्या गावांत वाईट बातमी उंबऱ्यावर उभं राहून कोणी देत नाही. आलेला माणूस आधी बसतो, पाणी पितो. भात कसा आहे, गुरं कशी आहेत, पोरं काय करतात, सगळं विचारून होतं. चहा येतो. मग तो सांगतो. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा माहेरहून काका सांगायला आले होते. त्यांनी ओटीवर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि आमच्या शेताची चौकशी केली. त्यांनी तांब्या खाली ठेवायच्या आत मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली होती. न सांगता कळलं, कारण त्यांचा चेहरा दिसत होता. फोनवर चेहरा नसतो. मुंबईतल्या माणसाला माझं सगळं ठीक आहे हे खरोखरच ठीक आहे असं वाटलं, त्यात त्याची काय चूक?

रविवारी बाईंना सांगितलं.

"अगं, मीही असंच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवलं, पण एका वाक्याच्या आतला क्रम शिकवला. कुठलं वाक्य आधी आणि कुठलं मागनं, हे शिकवायचं कधी सुचलंच नाही."

मग आम्ही तेच शिकायला बसलो, दोघीही. बाई एकेक संकट काढायच्या. पाइप फुटला, वीज गेली, ड्रायव्हर पळाला. मी सगळ्यात आधी ते सांगायचं, मग आपण काय करतोय ते, मग बाकीचं. चौकशी वगैरे शेवटी, वेळ उरला तर. ऐकायला हे सोपं वाटतं. माझी जीभ मात्र प्रत्येक वेळी अडायची. समोरच्याच्या थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं.

लेबलवालीला तर हे अजिबात पसंत नव्हतं. "सकालच्या पारी फोन उचलला की रडगानं? त्यांचा दिस कसा जायचा?"

"त्यांचा दिवस कसाही जाऊ दे. गाडी कुठं आहे ते त्यांना कळलं पाहिजे."

सवय व्हावी म्हणून मी घरीही तसंच बोलायला लागले. एक दिवस दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरची चौकशी करून कामावरून आले आणि दारातूनच म्हटलं, "आई, मिक्सर जळलाय. नवा आणायला शनिवार उजाडेल. तोवर चटणी मी पाट्यावर वाटीन."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वाटशील गं. आधी चपला तर काढ."

पण शनिवार उजाडायच्या आधीच त्यांनी शेजारणीकडून मिक्सर मागून आणला. आधी कळलं म्हणून. मी त्यांना बोलून दाखवलं नाही, पण माझ्या मनानं ते धरलं.

दिवाळी झाली. साहेब म्हणाले, सोमवारचा कॉल तुमचा. मुंबईचे मोठे साहेब स्वतः ऐकणार होते. त्यांनी हो म्हटलं तर जागा माझी, नाहीतर बाहेरचा माणूस बघूनच ठेवला होता. आमचे साहेब त्या दिवशी कामानं पुण्याला जाणार होते, वाटेतूनच फोनवर ऐकणार होते. शेजारची खुर्ची रिकामी राहणार होती.

सोमवारी मी लवकर पोहोचले. दारात गाडी भरत होती. माल मोठ्या गिऱ्हाइकाचा होता आणि आठवडाभर त्याचा तगादा चालू होता. लेबलवाली माझ्या आधी आली होती. तिनं मला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि एका खोक्याच्या बुडाला माझी बोटं लावली. ओलं होतं. खोका फोडला. सॉसच्या बाटलीचं झाकण दोन बोटांनी सहज निघून आलं. दुसरा फोडला, तिसरा फोडला. काही बाटल्या घट्ट, काही सैल. रात्री झाकणाच्या मशीनची पकड ढिली पडली होती आणि माल तसाच पुढं आला होता.

माल पाठवायचं बघणारा कारकून घड्याळाकडं बघत होता. "मावशी, जाऊ दे. चारदोन बाटल्या गळतील. असं व्हतच आसतं."

गाडी थांबवायचा अधिकार मला नव्हता. साहेबांना फोन लावला, तो लागला नाही, घाटात असावेत. ड्रायव्हर केबिनमध्ये चढून बसला होता. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि त्याला म्हटलं, इंजिन बंद कर, मागचं दार उघड, खोके उतरवायचेत.

कारकून माझ्या मागोमाग केबिनपर्यंत आला. माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच सांगत होता. "आज तुमचा कॉल हाय ना? मग आज गप बसा. सगलं चांगलं सांगा, जागा पक्की होऊ द्या. गाडीचं दुपारी सायेब सांगतील, त्यांच्या तोंडून."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. तसं सांगणं आमच्या रीतीत बसलंही असतं. आधी पाणी, मग बातमी, आणि तीही थोरल्या माणसाच्या तोंडून. पण दुपारपर्यंत बेंगळुरूच्या गोदामात या मालासाठी जागा आणि माणसं अडकून पडली असती.

आठ वाजले. फोन लागला. कोणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "द कॅप्स आर कमिंग ऑफ. आय हेल्ड बॅक द ट्रक." झाकणं निघतायत, गाडी मी थांबवली.

मी थांबले नाही. खोके उतरवतोय. प्रत्येक बाटली तपासू. मशीनची पकड घट्ट करायला माणूस लागलाय. उद्या संध्याकाळपर्यंत माल भरून काढू आणि गाडी पाठवू. प्रत्येक वाक्य दोरीवर वाळत घातल्यासारखं एकामागून एक आलं, आणि जोडीच्या क्रियापदांपैकी एकीचीही सोबतीण चुकली नाही.

मोठे साहेब बोलायला लागले. इतक्या वेगानं, की मला त्यातलं काही कळलं नाही. मी म्हटलं, "सर, प्लीज स्लो डाउन."

काचेपलीकडं लेबलवाली उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. स्लो डाउन तिला समजत होतं, तिचं मशीन मी रोज स्लो डाउन करायला सांगायचे.

मोठे साहेब हळू बोलायला लागले. गाडी थांबवायला कोणी सांगितलं?

"नोबडी, सर. आय डिसाइडेड."

का विचारलं नाही?

विचारायला फोन केला होता, लागला नाही, आणि गाडी सुटत होती. हेही मी सांगितलं, याच क्रमानं.

मग बेंगळुरूचा गोदामवाला बोलला. एरवी त्याचा आवाज फारसा यायचा नाही. तो म्हणाला, बरं झालं आत्ता सांगितलंत. मी दारावरची माणसं आणि रिकामी केलेली जागा दुसऱ्या मालाला देतो, आणि गिऱ्हाइकालाही तसं कळवता येईल. गळका माल गोदामात आला असता तर धुण्यापुसण्यात आठवडा गेला असता.

मोठे साहेब म्हणाले, "ऑल राइट. कॅरी ऑन."

कॅरी ऑन मला कोणी शिकवलं नव्हतं. पण काय उचलून न्यायचंय, हे विचारावं लागलं नाही. काम चालू ठेवा, हे मला कळलं. शेवटी मी म्हटलं, "गुड मॉर्निंग टू ऑल ऑफ यू," आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. ते घाटातून बाहेर पडले होते आणि कॉलचा उत्तरार्ध त्यांनी ऐकला होता.

"ताई, नमस्कार-चमत्कार काहीच केला नाहीत म्हणे?"

"केला की. शेवटी."

साहेब हसले. "मोठे साहेब म्हणाले, बिघाड कळायला आम्हाला काही विचारावं लागलं नाही. बाहेरचा माणूस नको म्हणाले. आजपासून जागा तुमची."

मी बाहेर आले तेव्हा बायकांना कळलंच होतं. काचेला कान लावायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. लेबलवाली म्हणाली, "आता आमाला काय म्हनायचं? मॅडम?"

"वहिनीच म्हण. आणि खोके उतरवायला लाग."

"बघा गं, झाली इन्चार्ज," ती बाकीच्यांना म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी गाडीत चढली.

तो दिवस आणि दुसरा दिवस बाटल्या तपासण्यात गेला. कोणी कुरकुर केली नाही. कारकूनसुद्धा शर्टाच्या बाह्या दुमडून खोके बांधायला बसला होता. मंगळवारी उजेड असतानाच गाडी निघाली. लाइनवरच्या बायका घरी जायची बस सोडून फाटकापाशी थांबल्या. गाडी हायवेला वळली तशी कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. ड्रायव्हरला वाटलं त्याचं काही पडलं, त्यानं ब्रेक मारून मान बाहेर काढली. आम्ही त्याला हातानं जा म्हणून सांगितलं.

बुधवारचा कॉल गाडी गेल्यानंतरचा पहिला. मी गाडी गेली एवढं सांगितलं. मुंबईचा माणूस थांबून राहिला. मग त्यानं विचारलं, बिघाड काय आहे?

"नथिंग, सर."

"नथिंग?"

"नथिंग," मी म्हटलं. त्याची खात्री पटेपर्यंत थांबले आणि मग त्याच्या घरची चौकशी केली. त्याच्या मुलीचा दात पडला होता. ते त्यानं मला सावकाश, सुरुवातीपासून सांगितलं.